गाळलेली चित्रं

शाळेत सगळे तिला वहिनी म्हणत. खरं तर ती एकट्या कॅमेरावाल्याची वहिनी. पण त्यानं पहिल्याच दिवशी "ही माझी वहिनी" म्हणून तिची ओळख करून दिली आणि मोठ्या बाईंपासून फाटकावरच्या रखवालदारापर्यंत सगळ्यांनी तेच उचललं. खुणांच्या भाषेत मात्र तिचं नाव वेगळं होतं. दोन्ही तळवे दोन्ही कानांवर ठेवले की ती. बारा वर्षं रेडिओवर आवाजाचं काम केलेली ही बाई बहिऱ्या मुलांच्या शाळेत गळ्यात हेडफोन अडकवून दाखल झाली, तेव्हा खुणा शिकवणाऱ्या मास्तरांनी हसू दाबत हे नाव ठेवलं होतं. मास्तर स्वतः जन्मापासून बहिरे, आणि लोकांना नावं ठेवण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं.

मास्तर कॅमेऱ्यासमोर धडे देत, दीर ते टिपून घेई आणि ते धडे लोकांच्या घरी चालतील असे करून देणं हे वहिनीचं काम. कॅमेऱ्यातून उतरलेला धडा म्हणजे अवाढव्य प्रकरण. जसाच्या तसा पाठवला तर साध्या फोनची दातखीळच बसायची. त्याला आवळून, घडी घालून, पलीकडच्या यंत्राला उलगडता येईल अशा बेतानं बांधावं लागतं. कुणाकडे जुना संगणक, कुणाकडे टॅब, कुणी टीव्हीला डबा जोडून बघणार, कुणी बसमध्ये उभ्या उभ्या फोनवर. प्रत्येकाची उलगडण्याची ताकद निराळी. या बांधाबांधीला एन्कोडिंग म्हणतात, आणि वहिनीचा त्यात हातखंडा होता. निदान तिची स्वतःची तशी खात्री होती.

धडे मुलांसाठी नव्हते, त्यांच्या घरच्यांसाठी होते. शाळा निवासी. दोन महिन्यांच्या सुट्टीत मुलं घरी जात, आणि बहुतेकांच्या घरी खुणा कुणालाच येत नसत. वर्षभर ज्यांचे हात क्षणभर थांबत नसत, ती मुलं सुट्टीवरून परत येत ती हात खिशात घालून. त्यांना पुन्हा बोलतं करण्यात पहिला महिना जाई. मोठ्या बाई दर वर्षी हे बघत आल्या होत्या. या वर्षी त्यांनी ठरवलं, मुलं घरी पोचायच्या आत धडे घरी पोचले पाहिजेत.

"चाळीस धडे आहेत. जमेल?" त्यांनी विचारलं होतं.

"कुठल्याही डबड्यावर चालतील," वहिनीनं छातीठोक सांगितलं, आणि चाळीसच्या चाळीस धडे वेळेआधी दोन दिवस शाळेच्या संकेतस्थळावर चढवून मोकळी झाली.

सुट्टी लागून आठवडा झाला असेल. सकाळी दहाच्या सुमाराला एक आजोबा तिच्या खोलीच्या दारात येऊन उभे राहिले. उंच, ताठ, हातात टोपी. आयुष्यभर बस चालवून निवृत्त झालेले. त्यांची सहा वर्षांची नात याच शाळेत होती. मुलीची आई नोकरीसाठी दुसऱ्या शहरात राही, त्यामुळे सुट्टीत नात आणि आजोबा अशी दोघंच घरी.

"ताई, धड्यांचं विचारायला आलो," ते खुर्चीच्या कडेवर टेकत म्हणाले. "तीन धडे नीट ऐकले मी. पण अजून काही कळलं नाही."

"ऐकले?"

"हो. पंख्याचा आवाज अगदी स्वच्छ येतो."

त्यांनी खिशातून फोन काढला. कोपरे झिजलेला, काचेवर एक तिरपी चीर, पण फडक्यानं पुसून लख्ख ठेवलेला. वहिनीनं धडा लावला. पडदा काळाकुट्ट. आणि त्या काळोखातून वर्गातला पंखा गरगरत होता, खरोखरच स्वच्छ.

तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. झालं ते तिला लगेच उमगलं. तिनं चित्राची घडी नव्या पद्धतीची घातली होती; या फोनला ती उलगडत नव्हती. आवाजाची घडी मात्र जुनी, साधी. ती त्यानं इमानदारीनं उलगडून आजोबांना ऐकवली होती.

खिडकीजवळ बसलेल्या मास्तरांनी खुणेनं विचारलं, काय चाललंय? वहिनीनं सांगितलं. मास्तर आधी गंभीरपणे ऐकल्यासारखे बघत राहिले, मग त्यांचे खांदे हलू लागले, मग डोळ्यांना रुमाल.

"बहिऱ्यांच्या धड्यात," त्यांचे हात म्हणाले, "तुम्ही पंखा इतका जपून ठेवलात?"

बारा वर्षांची सवय. कुठलीही फाइल हातात आली की ती आधी कानाला लावायची.

पण हार मानणाऱ्यांतली ती नव्हती. जुन्या फोनसाठीची एक तयार कृती तिच्या संगणकात होती, जगभर लोक तीच वापरतात. साधी घडी, लहान चित्र, आणि सेकंदाला पंचवीसऐवजी बारा चित्रं. माणूस बोलतानाचा व्हिडिओ असला की एवढ्यात भागतं. तासाभरात तिनं आजोबांच्या फोनवर मास्तर हलते करून दाखवले.

"आता दिसतात?"

"दिसतात की." आजोबांनी फोन दोन्ही हातांत धरला. "अहो, हे तर समोरच बसलेत."

मास्तरांनी त्यांना नमस्कार केला. आजोबा खूश होऊन गेले. त्या कृतीनं वहिनीनं चाळीसही धडे पुन्हा बांधले आणि हे प्रकरण तिच्यापुरतं मिटलं.

ते आठ दिवसांनी पुन्हा उघडलं. या वेळी आजोबांबरोबर नात होती. दारातून आत येताच ती आजोबांचा हात सोडून थेट मास्तरांकडे गेली आणि तिचे हात असे काही सुटले की मास्तरांनाही तिला दोनदा थांबवावं लागलं. आजोबा खुर्चीवर बसून टोपीची कड फिरवत राहिले.

"माझ्या हातून काहीतरी चुकतंय, ताई," ते म्हणाले. "रोज दोन तास बसतो मी. अकरा धडे पाठ केले. पण काही सांगायला गेलो की ही माझ्याकडे नुसती बघते. आणि त्या दिवशी तर…" ते थांबले. "चार-पाच दिवसांपूर्वी हिच्या आईचा फोन आला, उद्या येते म्हणून. मी म्हटलं, आपणच सांगू हिला. तुमच्या धड्यात आहे तसंच केलं. आई, उद्या, येणार."

"मग?"

"मग ही उठली आणि घरभर शोधायला लागली. दारामागे बघितलं, न्हाणीघरात बघितलं, कपाटसुद्धा उघडलं. मी आपला हसतोय, मला वाटलं आनंद झाला. पाऊण तासानं कोपऱ्यात जाऊन बसली. दुसऱ्या दिवशी आई आली, दोन दिवस राहिली, गेली. पण पोर माझ्या हातांकडे बघेना. मी हात उचलला की मान फिरवते."

वहिनीनं हे सगळं मास्तरांना सांगितलं. मास्तरांनी नातीला जवळ घेतलं, आजोबांसमोर स्टूल ओढलं आणि म्हणाले, "तेच वाक्य मला सांगा."

वहिनीनं ते बोलून सांगितल्यावर आजोबांनी हात उचलले. आई. मग हात खांद्यापाशी. मग एकदम छातीसमोर. मग पुन्हा खांद्यापाशी. मग येणार. हात एका जागी थांबायचा आणि झटक्यात दुसऱ्या जागी असायचा. मधे काहीच नाही.

"पुन्हा," मास्तर म्हणाले. आजोबांनी पुन्हा केलं, हुबेहूब तसंच. मास्तरांच्या कपाळावर आठ्या पडल्या. या शाळेच्या खुणांत उद्या आणि काल एकाच हातानं, एकाच जागी होतात. हात खांद्यापासून पुढे गेला की उद्या, पुढून मागे गेला की काल. फरक काय तो वाटेचा. आणि आजोबांच्या हाताला वाटच नव्हती.

"पोरीला वाटलं, आई काल आली," मास्तरांनी वहिनीला सांगितलं. "काल आली, म्हणजे घरातच असणार. म्हणून शोधली."

वहिनीनं धडा लावायला आपला संगणक पुढे ओढला.

"त्यांच्याच फोनवर धडा लावा," मास्तर म्हणाले.

तिनं लावला, आणि आज पहिल्यांदा तो धडा शेवटपर्यंत नजर न हलवता बघितला. बारा चित्रंसुद्धा त्या दमलेल्या फोनला झेपत नव्हती. तो मधली आणखी गाळत होता. सेकंदाला चार-पाच उरत असतील. पडद्यावरच्या मास्तरांचा हात खांद्यापाशी दिसे, मग छातीसमोर. मधल्या वेळात हाताच्या जागी राखाडी चौकोनांचा ढीग. बोटं म्हणजे नुसतं पीठ.

आजोबांनी जे पाहिलं ते अचूक पाठ केलं होतं. गाळलेल्या जागांसकट.

मास्तरांनी बराच वेळ स्वतःच्या प्रतिमेकडे पाहिलं. "हा माणूस," ते म्हणाले, "तोंडात गोळा धरून बोलतोय."

वहिनी आजोबांकडे वळली. "आजोबा, तुमचं काही चुकलेलं नाही. चूक माझी आहे. तुम्ही जे शिकलात ते मीच तुम्हाला तसं पाठवलं होतं."

आजोबांनी मान हलवली. त्यांच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखं काहीतरी आलं. "माझे हातच जड झाले असं वाटत होतं मला," ते म्हणाले. "स्टिअरिंग धरून धरून."

मोठ्या बाईंच्या कानावर हे गेलं तेव्हा त्यांनी सरळ मार्ग काढला. शाळेत एक जादा टॅब पडून होता. तो आजोबांना द्यावा, प्रश्न मिटला. बाई मनानं चांगल्या होत्या आणि त्यांना कामं रेंगाळलेली खपत नसत.

"टॅब द्या," वहिनी म्हणाली. "पण प्रश्न मिटत नाही. आजोबा बसनं दोन तास येऊन सांगून गेले म्हणून आपल्याला कळलं. जे आले नाहीत त्यांचं काय? एकशे तीस घरं आहेत, बाई. काळा पडदा बघून त्यांनी गुपचूप सोडून दिलं असेल. नाहीतर कुणी आत्ता या घडीला उद्याऐवजी काल शिकत बसलं असेल."

"मग तुमचं म्हणणं काय?"

"आधी विचारू. प्रत्येक घरी कुठलं यंत्र आहे ते. मग मी पंधरा दिवसांत सगळे धडे पुन्हा बांधते. आणि या वेळी चालतील."

"मागच्या वेळीही तुम्ही असंच म्हणाला होता."

"म्हणाले होते. तेव्हा मी चाललं का ते बघत होते. आता कळतं का ते बघणार आहे."

बाईंनी तिच्याकडे चष्म्यावरून पाहिलं, आणि टेबलावरचा फोन स्वतःकडे ओढला. दोन दिवस त्या आणि वहिनी मिळून घरोघरी फोन लावत होत्या. एक्केचाळीस घरी आजोबांसारखाच जुना फोन निघाला. त्यातल्या एकोणतीस घरांनी पहिल्या दोन धड्यांनंतर नाद सोडला होता. एका वडिलांनी माफी मागितली, म्हणाले आमची इंटरनेटची लाइन खराब आहे. लाइनचा काही संबंध नव्हता. बाईंनी फोन ठेवला. मग म्हणाल्या, "घ्या पंधरा दिवस."

वहिनीनं खोलीतली दोन टेबलं जोडली आणि शाळेतल्या लोकांकडे असतील नसतील ती सगळी यंत्रं मागून आणली. रखवालदाराचा फोन, बाईंचा जाड संगणक, एका पालकांनी भेट दिलेला टीव्हीचा डबा, घरून सासूबाईंचा टॅब. टॅब देताना सासूबाई म्हणाल्या, "माझी मालिका साडेचारला असते, तोवर आणून दे," आणि वहिनी रोज सव्वाचारला तो आठवणीनं बॅगेत टाकू लागली. एकूण सतरा यंत्रं. आजोबांनी टॅब घ्यायला साफ नकार दिला होता. उलट आपलाच फोन पंधरा दिवसांसाठी तिच्याकडे ठेवून गेले. "माझ्यावर चालला तर सगळ्यांवर चालेल," ते म्हणाले, आणि हे तिनं मनोमन कबूल केलं.

आता तिनं कान मिटले. चित्र आवळताना यंत्र काय करतं, तर एक चित्र पूर्ण ठेवतं आणि पुढच्या चित्रांत फक्त बदललेलं तेवढं टिपतं. भिंत जागची हलत नाही, तिला काही लागत नाही. हलतं ते महाग. आणि खुणांच्या धड्यात हात क्षणभर स्थिर नसतात. तयार कृती करणाऱ्यांनी चेहऱ्याचा विचार केला होता, हातांचा नाही. तेव्हा तिनं कृती उलटी केली. चित्र हवं तर लहान करा, पण पंचवीसच्या पंचवीस चित्रं ठेवा. वाट तुटता कामा नये. घडी इतकी साधी घाला की जुन्या फोनला उलगडताना धाप लागू नये.

आवाज तिनं पार काढून टाकला. पंख्याची जागा चित्राला मिळाली. तर टीव्हीच्या डब्यानं धडा घ्यायलाच नकार दिला; आवाज नसलेली फाइल म्हणजे मोडकी फाइल, अशी त्याची समजूत. मग तिनं मुद्दाम शांततेची एक बारीकशी पट्टी जोडली, तेव्हा डब्याचं समाधान झालं. बहिऱ्यांच्या धड्यात शांतता भरावी लागते हे मास्तरांना सांगितल्यावर ते पुन्हा रुमाल शोधू लागले.

पण चौथ्या दिवशी गाडी अडली. आजोबांच्या फोनवर चित्रं सगळी येत होती, हात मात्र अजून गढूळच. वहिनी दुपारभर आकडे बदलत बसली. मग तिनं एक धडा मोठ्या पडद्यावर घेतला आणि यंत्र आपली ताकद नेमकी कुठे खर्च करतंय ते बघायला लागली. बघितलं आणि कपाळावर हात मारला.

"भावजी, इकडे या," तिनं दिराला हाक मारली. "मास्तरांच्या मागे काय आहे?"

"पुस्तकांचं कपाट. छान दिसतं म्हणून मीच लावलं."

"आणि अंगावर?"

दिरानं बघितलं आणि जीभ चावली. चौकटीचा शर्ट. बारीक, लाल-निळ्या चौकटींचा. मास्तरांनी श्वास घेतला तरी शंभर चौकटी हलत होत्या, आणि बिचारं यंत्र त्या एकेका चौकटीचा हिशेब ठेवण्यात गुंतलं होतं. हातांच्या वाट्याला उरलंसुरलं.

"कपाट हलवतो," दीर म्हणाला. "शर्टाचं मात्र तुम्ही बोला. मी नाही त्यांच्या वाटेला जाणार."

मास्तरांचे सगळेच शर्ट चौकटींचे होते. खुणांत त्यांचं नावही तेच, छातीवर आडवी-उभी दोन बोटं. वहिनीनं विषय काढताच त्यांनी हात मागे बांधले. त्यांच्या भाषेत याचा अर्थ, विषय संपला. तिनं वाद घातला नाही. दिराचा साधा गडद निळा शर्ट मागून आणला, रखवालदाराला घातला, मोकळ्या भिंतीसमोर उभं केलं आणि त्याला येत असलेलं एकुलतं एक वाक्य खुणांत बोलायला लावलं. मग आजोबांच्या फोनवर आधी मास्तरांचा धडा दाखवला, मग रखवालदार.

रखवालदार स्वच्छ दिसत होता. बोटन् बोट.

मास्तरांनी फोन डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ नेला. "हा," ते शेवटी म्हणाले, "वर्षभरात एक वाक्य शिकला, ते माझ्यापेक्षा चांगलं बोलतोय."

"तो नाही. शर्ट."

दुसऱ्या दिवशी मास्तर निळा शर्ट घालून आले. कुणीही काही म्हणायचं नाही असं वहिनीनं सगळ्यांना आधीच बजावून ठेवलं होतं. कोरी भिंत, कॅमेरा आणखी जवळ, कमरेपासून डोक्याच्या जरा वरपर्यंतच चौकट. म्हणजे लहान पडद्यावरही हात मोठे. चाळीस धडे पुन्हा टिपायचे म्हणजे दिराच्या आणि मास्तरांच्या आठ दिवसांच्या सकाळी. दोघांनी कुरकूर न करता दिल्या.

तपासायचं कसं, हे वहिनीनं आधी ठरवून टाकलं होतं. स्वतःच्या डोळ्यांवर तिचा विश्वास नव्हता. तिला खुणा अर्ध्यामुर्ध्याच येत. शाळेत शिवण शिकवणाऱ्या एक बहिऱ्या बाई होत्या, कडक शिस्तीच्या. मास्तर कॅमेऱ्यासमोर मनाला येईल ती वाक्यं बोलत, वहिनी ती बांधून आजोबांच्या फोनवर टाकी, आणि शिवणाच्या बाई ती वाचून कागदावर लिहीत. पहिल्या दिवशी विसातली तेरा जुळली. दुसऱ्या दिवशी सतरा. मग वहिनीनं चित्रातली भिंत आणखी सपाट केली, हातांच्या वाट्याला आणखी थोडं दिलं. तिसऱ्या दिवशी वीसच्या वीस.

शिवणाच्या बाईंनी कागद पुढे सरकवला. "अठराव्या वाक्यात मास्तर माझ्याबद्दल बोललेत," त्या म्हणाल्या. "तेही नीट वाचता आलं."

मास्तर खिडकीबाहेर बघू लागले.

चौदाव्या दिवशी सतराही यंत्रांवर एकच धडा एकाच वेळी लावला. मोठ्या पडद्यापासून तळहाताएवढ्या पडद्यापर्यंत सतरा मास्तरांनी एका दमात हात खांद्यापासून पुढे नेला. मोठ्या बाई दारात उभ्या होत्या. त्या आत येऊन प्रत्येक पडद्यासमोर क्षणभर थांबत गेल्या आणि शेवटी चीर पडलेल्या फोनपाशी वाकल्या.

"हा त्यांचा?"

"हा त्यांचा. उद्या मी स्वतः देऊन येते. त्यांच्या घरची लाइनही बघायची आहे."

आजोबांचं घर दुसऱ्या मजल्यावर होतं. स्वयंपाकघरात एक टेबल, दोन खुर्च्या, खिडकीत वाळत घातलेले इवलेसे मोजे. टेबलावर एक वही होती. त्यात आजोबांनी अकरा धड्यांतली प्रत्येक खूण काडीच्या माणसांनी काढून ठेवली होती. हात इथे, मग हात तिथे. वहिनीनं दोन पानं उलटली आणि वही अलगद मिटली.

नात दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. वहिनीला ओळखून तिनं दोन्ही कानांवर तळवे ठेवले, पण आत आली नाही.

फोन आजोबांच्या हातात देऊन वहिनीनं पहिला धडा लावला. चक्र दोनदा फिरलं आणि मास्तर सुरू झाले. आजोबा काही वेळ नुसते बघत होते.

"असं होय," ते हळूच म्हणाले. "हात जातो. उडी नाही मारत."

"जातो. तुम्ही त्याच्याबरोबर जा."

ते गेले. पहिल्यांदा अडखळत, मग सावकाश, बसचं मोठं चाक वळवावं तसं. उद्या. पुन्हा उद्या. काल. अर्ध्या तासानं त्यांनी फोन खाली ठेवला आणि नातीकडे वळून टेबलावर हलकेच हात आपटला. थरथर तिच्या पायांना पोचली असावी. तिनं बघितलं.

आजोबांचे हात उचलले गेले. आई. मग हात खांद्यापासून निघाला, सगळी वाट चालत पुढे गेला. एकदा नाही, थांबत थांबत चारदा. आई चार दिवसांनी पुन्हा येणार होती, आणि ते सांगायला त्यांना एवढंच सुचलं. मग येणार.

नातीनं कपाटाकडे पाहिलं नाही. ती दोन पावलं पुढे आली आणि तिनं विचारलं. वहिनीला ते कळलं: चार? आजोबांनी चार बोटं दाखवली. मुलीनं ती चार बोटं हातात धरून एकेक मोजली, आणि मग तिला आणखी बरंच काही विचारायचं होतं. इतकं की आजोबा घाईघाईनं वहिनीकडे वळले. "काय म्हणते? हे कुठल्या धड्यात आहे?"

"सव्विसाव्या," वहिनी म्हणाली. "तुम्ही अजून पहिल्यात आहात. तिला जरा दम धरायला सांगा. दम धरायची खूण नवव्या धड्यात आहे."

पुढच्या आठवड्यात एकोणतीस घरांपैकी चोवीस घरं परत आली. उरलेल्या पाचांना बाईंनी स्वतः पुन्हा फोन केले. त्यांना आता फोन करायचा सराव झाला होता, आणि आवाजात एक वेगळीच हुकमत आली होती.

मग एके सकाळी आजोबांकडून शाळेला एक फाइल आली. वहिनीनं ती उघडली. संगणकानं हात वर केले. बाईंच्या संगणकानंही. टॅबला तर ती फाइल आहे हेच पटेना. त्या जुन्या फोननं आपल्या जुन्या पद्धतीनं टिपलेला व्हिडिओ होता तो, आणि आता नवीन यंत्रांना जुनं उलगडत नव्हतं. वहिनी स्वतःशीच हसली, बाह्या सारल्या आणि दहा मिनिटांत तो उलगडून मोठ्या पडद्यावर टाकला. मास्तर खुर्ची ओढून शेजारी बसले.

स्वयंपाकघरातल्या टेबलावर नात उभी होती. चित्र हलत होतं, प्रकाश खिडकीतून भलतीकडून येत होता, पण हात दिसत होते. ती मास्तरांशी बोलत होती. आजोबांची तक्रार करत होती: ते फार हळू बोलतात, आणि फोन धरला की एकाच हातानं बोलतात, अर्धंच कळतं. मधेच चौकटीच्या कडेनं आजोबांचा रिकामा हात आत आला आणि काहीतरी म्हणाला. पोरीनं तो हात धरला, त्याची दोन बोटं सरळ केली, आणि पुन्हा म्हणायला लावलं.

"बरोबर करते आहे," मास्तर म्हणाले. "ती दोन्ही बोटं वाकडीच होती."

मग नातीनं मास्तरांना एक प्रश्न विचारला, तुमचा चौकटीचा शर्ट कुठे गेला, आणि उत्तराची वाट बघत उभी राहिली. मास्तर पुढे झुकले आणि पडद्यासमोर हात उचलून सविस्तर उत्तर देऊ लागले. अर्ध्यावर आल्यावर त्यांच्या लक्षात आलं. ते थांबले, वहिनीकडे बघून ओशाळं हसले आणि दाराशी उभ्या असलेल्या कॅमेरावाल्याकडे वळले.

"कॅमेरा लाव," ते म्हणाले. "पोरीला उत्तर पाठवायचं आहे."